चिमुकले सैनिक आणि साच्याची मालकी

वस्तूची किंमत तिच्यात खर्ची पडलेल्या द्रव्यावरून ठरत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा होय. तो पडताळून पाहावयाचा असेल तर इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहराकडे पाहावे. तेथील गेम्स वर्कशॉप ही कंपनी विज्ञानकथेतील सैनिकांचे इंच-दीड इंच उंचीचे पुतळे विकते. काही ग्रॅम प्लास्टिक वा रेझिन एवढेच त्यांचे द्रव्य. तेही सुट्या भागांत आणि बिनरंगाचे. जोडणी व रंगकाम ग्राहकाने स्वतःच्या हातांनी करावयाचे. असे असूनही 1975 साली लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केलेला हा व्यवसाय डिसेंबर 2024 मध्ये लंडन शेअरबाजाराच्या पहिल्या 100 कंपन्यांच्या निर्देशांकात दाखल झाला. पोरखेळ म्हणून त्याची वासलात लावता येणार नाही.

या छंदाची परंपराही जुनी आहे. विज्ञानकथेच्या आद्य लेखकांपैकी एक असलेल्या एच. जी. वेल्स यांनी 1913 साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम लिहून ठेवले. 1987 साली ‘वॉरहॅमर 40,000’ या खेळाने तीच लढाई सुदूर भविष्यकाळात नेली. अर्थात लढणे हा छंदाचा केवळ एक भाग. पुतळे जमविणे आणि रंगविणे यांतच अनेकांना अधिक गोडी वाटते.

साच्याचे गणित

पुतळा प्लास्टिकचा असावा की रेझिनचा, हा प्रश्न मुळात खर्चाच्या गणिताचा आहे. प्लास्टिकसाठी धातूचा साचा कोरावा लागतो. त्याचा स्थिर खर्च मोठा. परंतु एकदा तो केला की हजारो नग निघतात आणि प्रत्येक जादा नगाचा खर्च नगण्य होतो. रेझिनचे याच्या नेमके उलट. मूळ प्रतिकृतीभोवती सिलिकोन रबर ओतून साचा स्वस्तात तयार होतो, मात्र काही डझन नग काढताच तो झिजतो. दोन द्रव मिसळणे, ते ओतणे, हवेचे बुडबुडे घालविणे, नग अलगद सोडविणे ही सारी कामे दर वेळी माणसाच्या हातांनीच करावी लागतात. म्हणून जो पुतळा थोड्यांनाच हवा असतो तो रेझिनमध्ये घडतो आणि महाग पडतो. कंपनीच्या फोर्ज वर्ल्ड या शाखेने घडविलेल्या, अर्ध्या मीटरहून उंच अशा ‘वॉरलॉर्ड टायटन’ या युद्धयंत्राची किंमत हजार पौंडांच्या वर गेली, यात म्हणूनच नवल नाही. उलटपक्षी, 2011 मध्ये कंपनीने धातूच्या पुतळ्यांऐवजी ‘फाइनकास्ट’ नावाचे रेझिन आणले, तेव्हा बुडबुड्यांनी छिद्रे पडलेल्या नगांविषयी तक्रारींचा पाऊस पडला. हातकामाचे तंत्र घाऊक उत्पादनाला जुंपले की काय होते, हे त्यातून दिसले. पुढे असे अनेक पुतळे क्रमाने प्लास्टिकमध्ये आले.

संच घरी आला म्हणजे ग्राहकाचे काम सुरू होते. साबणाच्या पाण्याने तेलकट थर धुवावयाचा, वाकलेली तलवार गरम पाण्यात बुडवून सरळ करावयाची, छिद्रे लांबीने बुजवावयाची. घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून तोंडावर मास्क हवा. मग अस्तर, मूळ रंग, खाचांतील छटा, कडांवरची उजळ रेघ. एका सैनिकावर एखादी संध्याकाळ सहज जाते. या श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात कोठेही होत नाही. बाजाराचा न्याय तर त्याहून विचित्र: बेताचा रंगविलेला पुतळा विकावयास काढला तर बहुधा कोऱ्या संचापेक्षा कमी पैसे येतात. श्रमाने मूल्य वाढते असे मानणाऱ्यांना हे कोडेच वाटेल. परंतु छंदिष्टाच्या लेखी हे श्रम म्हणजे खर्च नव्हे. किंबहुना, त्याने खरेदी केलेली खरी वस्तू तीच.

नक्कल आणि हक्क

साचा स्वस्त, हे रेझिनचे बळ आणि तीच त्याची दुखरी जागा. विकत घेतलेल्या नगावरून दुसरा साचा काढून चोरट्या प्रती विकणारे या बाजारात फार पूर्वीपासून आहेत. आता काही शे डॉलरांच्या घरगुती छपाईयंत्रात प्रकाशाने घट्ट होणारे रेझिन थरावर थर चढवून पुतळा उभा करते. साच्याचीच गरज उरलेली नाही. त्यामुळे स्वतंत्र शिल्पकारांना भांडवलावाचून बाजारात उतरता आले. पण नक्कल करणाऱ्यांनाही तेच दार उघडले.

कायद्याने याबाबत कोणता तोल राखावा? कंपनीने अमेरिकेतील चॅप्टरहाउस स्टुडिओज या छोट्या संस्थेवर खटला भरला होता. ही संस्था कंपनीच्या पुतळ्यांना जोडता येतील असे सुटे भाग विकत असे. 2013 मध्ये ज्युरीने कंपनीचे काही दावे मान्य केले, बरेच फेटाळले, आणि भरपाई दिली ती अवघी 25,000 डॉलर.

हा मार्ग तत्त्वतः योग्यच म्हणावा लागेल. जशीच्या तशी प्रत काढणारा शिल्पकाराच्या श्रमांवर डल्ला मारतो. त्याच्याकडून केलेली स्वस्त खरेदी उद्याच्या नव्या कल्पनेचे भांडवल खाऊन टाकते. परंतु पूरक भाग वा नवी आकृती घडविणाऱ्यालाही कायद्याच्या धाकाने रोखले, तर संरक्षणाचे रूपांतर मक्तेदारीत होते आणि तिची किंमत ग्राहकालाच मोजावी लागते. कल्पनेची मालकी अवश्य असावी. तिची सीमा मात्र त्या आकृतीपाशीच संपली पाहिजे.