गिअर वाढले म्हणजे चढ सोपा होतो का?

रोड बाइकला 11 ऐवजी 12 गिअरचा संच बसवला की घाट सोपा जाईल, असे अनेकांना वाटते. चढ हलका होतो तो गिअर-गुणोत्तरामुळे (पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते). पुढे 34 आणि मागे 28 दाते असतील, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे अडीच मीटर जाते. मागे 34 केले तर 2.1 मीटर; अंतर घटते, तसा पायावरचा भारही. शिडीला जादा पायऱ्या ठोकल्या म्हणून शिडी उंच होत नाही, पावले तेवढी जवळ पडतात. बाराव्या गिअरचेही तेच. चढासाठी बहुधा मोठी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) पुरते, आणि ती बरीच स्वस्त पडते. मात्र मागचा डिरेल्युअर (साखळी सरकवणारा भाग) एवढे दाते पेलतो का, हे आधी पाहावे. साखळीही बहुतेकदा लांब घ्यावी लागते.