नखांवरचे खड्डे आणि टाचेतली कळ

इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या कारखान्यात पाळीभर उभं राहणाऱ्याची टाच दुखली, की दोष उभं राहण्यावर जातो. पण त्याच माणसाच्या कोपरावर सोरायसिसचे खवले असतील, तर ती टाच नीट तपासायलाच हवी. पोटरीचा कंडरा हाडाला चिकटतो, तिथली सूज ही सोरायसिसच्या संधिवाताची सुरुवात असू शकते.

सोरायसिस असलेल्या साधारण पाचांपैकी एकाला हा संधिवात होतो, बहुधा त्वचेच्या त्रासानंतर काही वर्षांनी. नखं आधीच सांगत असतात: सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे, टोकाकडून सुटत चाललेलं नख. कधी एकच बोट मुळापासून टोकापर्यंत सुजतं. सकाळी सांधे अर्धा तास किंवा जास्त आखडतात आणि हालचालीनं मोकळे होतात. श्रमाचं दुखणं विश्रांतीनं कमी होतं, हे उलट वागतं.

घात होतो तो रक्ततपासणीत. संधिवातासाठी तपासला जाणारा आर. ए. फॅक्टर या आजारात बहुतेकदा निगेटिव्ह येतो आणि माणूस निर्धास्त होतो. निदानाला सहा महिने उशीर झाला तरी हाड झिजण्याचा धोका वाढतो. झिजलेलं सहसा भरून येत नाही.

म्हणून इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलात मलम लिहून घ्यायला गेलात, तरी त्वचेच्या डॉक्टरांना टाच, कंबर, बोटं यांचं दुखणं त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.