मगनवाडीतलं ‘पुरे’

नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाचा माणूस देवाकडे दोनच गोष्टी मागतो. पहिली, खोटेपणा माझ्यापासून दूर ठेव. दुसरी मात्र सहसा कोणी मागत नाही: गरिबी नको आणि श्रीमंतीही नको, गरजेपुरतं अन्न दे. पोट तुडुंब भरलं तर देवाचा विसर पडेल आणि रिकामं राहिलं तर हात चोरीकडे जाईल, ही त्याची भीती. उपासनेत हा भाग वाचला गेला की मला वर्ध्याची मगनवाडी आठवते.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, त्याचं काम सुरू झालं आणि चिटणीसपद आलं जे. सी. कुमारप्पांकडे. तंजावरच्या ख्रिस्ती घरात १८९२ साली जन्मलेले हे गृहस्थ. लंडनला हिशेबतपासनीस झाले, मुंबईत पेढी चालवली, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. १९२९ साली साबरमतीला गांधीजींना भेटले आणि आयुष्याची वाटच बदलली. कॉर्नेलियस हे आडनाव सोडून त्यांनी घराण्याचं जुनं कुमारप्पा नाव घेतलं. ख्रिस्त मात्र सोडला नाही, उलट अधिक घट्ट धरला.

मगनवाडीत तेलाची घाणी फिरत होती, हातकागद तयार होत होता, मधमाश्या पाळल्या जात होत्या. रॉकेलऐवजी खाद्यतेलावर जळणारा मगनदीप तिथलाच. १९३८ च्या डिसेंबरात मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी केलं. या साऱ्यामागचा प्रश्न एकच होता: माणसाला किती पुरतं?

‘भारत छोडो’च्या काळात कुमारप्पा जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे दोन पुस्तकं लिहून झाली. एक येशूच्या आचरणावर आणि उपदेशावर, दुसरं शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना १९४५ मध्ये गांधीजींनी प्रस्तावना दिली. एकाच कोठडीतून धर्मशास्त्र आणि अर्थशास्त्र जोडीनं बाहेर पडावं, हे मला त्यांच्या आयुष्याचं सार वाटतं. दुसऱ्या पुस्तकात मधमाशी आहे. ती फुलातला मध घेते आणि घेता घेता परागीकरण करून त्या फुलाचं देणं फेडते. नीतिसूत्रं आळशाला मुंगीकडे पाठवतात, कुमारप्पांनी हावऱ्याला मधमाशीकडे पाठवलं.

उपदेशक या पुस्तकात ज्याला मराठीत आपण ‘व्यर्थ’ म्हणतो, त्यामागच्या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ वाफ, श्वास. मुठीत धरता येत नाही ते. दोन्ही मुठी भरण्याच्या धडपडीपेक्षा शांतपणे एक मूठ बरी, असं हा उपदेशक सांगतो. मगनवाडीचे हिशेब त्याच एका मुठीचे होते.

पण इथे एक धोका आहे आणि तो आपल्या मंडळ्यांमध्ये मी वारंवार पाहिला आहे. समाधानाचा उपदेश आपण ज्याच्या हातात एक मूठही नाही, त्याला करतो. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कर्जात बुडालेल्या कापूस उत्पादकाला ‘समाधानी राहा’ म्हणणं म्हणजे ईयोबाच्या मित्रांचं काम करणं. राखेत बसलेल्या माणसाला त्यांनी तत्त्वज्ञान ऐकवलं आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. आगूरच्या प्रार्थनेत ‘गरिबी नको’ हे आधी येतं. कुमारप्पांनी ते विसरू दिलं नाही. त्यांचं ‘पुरे’ भरल्या ताटासमोर बसलेल्यांसाठी होतं, रिकाम्या ताटासाठी त्यांनी घाणी आणि चाक उभं केलं.

३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, कुमारप्पा गेले. मगन संग्रहालय वर्ध्यात आजही आहे. मंडळीतल्या तरुणांना एकदा तिथे घेऊन जा आणि निघण्याआधी आगूरची प्रार्थना त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या.