इंडिकेटर लागला, पण वाट कोणाची?

मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या गाड्या खालापूरचा टोलनाका ओलांडतात तेव्हा कितीतरी रांगांतून सुटलेली ही सगळी वाहने थोड्याच अंतरात तीन लेनमध्ये शिरतात. कोणी इंडिकेटर न देता तिरपी गाडी घुसवतो. कोणी इंडिकेटर लावतो आणि त्याच क्षणी स्टिअरिंगही वळवतो. कोणाला शेजारच्या गाडीचा इंडिकेटर दिसला की त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर जातो. या तिघांनाही आपलेच बरोबर आहे असे मनापासून वाटत असते. म्हणून त्यांना नुसते बेशिस्त म्हणून भागत नाही. त्यांच्या डोक्यात नियम म्हणून काय बसले आहे, ते तपासावे लागते.

सगळ्यांत घट्ट बसलेली समजूत अशी, की इंडिकेटर लावला म्हणजे मागच्याने जागा द्यायलाच हवी. नियम तसे म्हणत नाही. रस्ते वाहतुकीविषयीचा 1968 चा व्हिएन्ना करार भारताने 1980 मध्ये स्वीकारला. त्याच्या 14 व्या कलमानुसार, गाडी बाजूला घेऊ पाहणाऱ्या चालकाने आधी आपल्यामुळे कोणाला धोका होणार नाही याची खात्री करायची, वळण्यापूर्वी पुरेसा आधी स्पष्ट इशारा द्यायचा, आणि गाडी नव्या जागी स्थिरावेपर्यंत तो चालू ठेवून मग बंद करायचा. भारतात 1989 च्या रस्ता नियमांची जागा 2017 मध्ये मोटार वाहन चालन विनियमांनी घेतली, तेव्हाही इशारा देऊनच लेन बदलण्याची अट कायम राहिली. आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये तर, इशारा दिल्याने अग्रक्रम मिळत नाही, हे वेगळे लिहून ठेवले आहे. आपल्या लेनमधून सरळ जाणाऱ्याची वाट त्याचीच असते. जोडरस्त्यावरून महामार्गावर येणाऱ्यालाही हेच लागू पडते.

यावर अनेक चालकांचे एक ठरलेले उत्तर असते: “इंडिकेटर दिला की मागचा मुद्दाम पळवतो, त्यापेक्षा न देता घुसलेलं बरं.” ही तक्रार खोटी नाही. रोजच्या रस्त्यावर हे घडते. पण वेग वाढवणाऱ्याच्या बाजूनेही नियम उभा नाही. दुसरे वाहन आपल्याला ओव्हरटेक करत असताना वेग वाढवायचा नाही आणि त्याला अडवण्यासाठी काहीही करायचे नाही, हे 1989 च्या नियमांतही स्पष्ट लिहिलेले होते. विनियम मोडणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 177अ या कलमाखाली 500 ते 1000 रुपये दंडाची तरतूद आहे. आणि अडवणारा असतो दहांतला एखादा. इंडिकेटर न देणारा मात्र उरलेल्या नऊ समंजस चालकांच्या हातातली वेग कमी करण्याची संधीही काढून घेतो.

ही संधी किती लहान असते, ते आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर कापते. समजा, मधल्या लेनमध्ये ताशी 60 ने चाललेल्या टेम्पोच्या मागे एक मोटार अडकली आहे आणि तिला उजव्या लेनमध्ये जायचे आहे. त्या लेनमध्ये 50 मीटर मागून दुसरी गाडी 100 ने येते आहे. दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला 11 मीटरचा. म्हणजे मधले अंतर साडेचार सेकंदांत संपते. त्यातला सेकंद-दीड सेकंद मागच्याला प्रकार उमगून ब्रेकवर पाय ठेवण्यात जातो. आरशात पाहताना “अजून लांब आहे” असे वाटणारी गाडी प्रत्यक्षात बंपरपाशी पोहोचलेली असते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला 60 ते 120 वेळा व्हायला हवी. अलीकडच्या बऱ्याच मोटारींत दांडी हलकेच टेकवली की तीनदा लुकलुकून इंडिकेटर आपोआप बंद होतो. लेन बदलायला एवढे पुरते, असा त्यातून समज झाला आहे. मिनिटाला 90 चा ठोका धरला तर तीन उघडझापींना दोन सेकंद लागतात. त्यात मागच्याने पाहायचे कधी, ठरवायचे कधी आणि जागा करायची कधी? या सोयीवर विसंबणाऱ्याने निदान तेवढा वेळ स्टिअरिंग सरळ ठेवायला हवे. दांडी पूर्ण खाली किंवा वर करून, थांबून, पाहून मग सरकणे अधिक चांगले.

इंडिकेटर चालू राहून जाण्याचे कारणही यंत्रातच आहे. वळण संपवून स्टिअरिंग सरळ झाले की मोटारीची दांडी खटकन जागेवर येते. लेन बदलताना मात्र स्टिअरिंग इतके थोडे फिरते की ही यंत्रणा कित्येकदा हलतच नाही. आपल्याकडच्या बहुतेक दुचाकींना तर ती नसतेच, बटण हातानेच दाबावे लागते. अमेरिकेत रिचर्ड पोन्झियानी यांनी सुमारे 12,000 वाहनांच्या निरीक्षणावर आधारलेला निबंध 2012 मध्ये सादर केला. लेन बदलणाऱ्या चालकांपैकी 48 टक्के जणांनी इंडिकेटर एक तर दिला नाही किंवा बंद केला नाही, असे त्यात आढळले. तेव्हा समोरच्या स्कूटरचा डावा इंडिकेटर लुकलुकतो आहे एवढ्यावरून ती डावीकडे वळेलच, असे धरून चालणे धोक्याचे आहे. तिचा वेग कमी होतो आहे का, चाक वळते आहे का, हे पाहायला हवे.

“मागे कोणीच नाही, मग कोणाला दाखवायचा?” हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण चालकाला जे वाहन दिसले आहे, त्याच्यापासून तो स्वतःच जपतो. इंडिकेटरची खरी गरज असते ती न दिसलेल्या वाहनाला. मोटारीच्या मागच्या कोपऱ्याशेजारी एक पट्टा असा असतो की तिथली दुचाकी ना आतल्या आरशात येते ना बाहेरच्या. त्यात डावीकडचा आरसा बहुधा बहिर्गोल असतो. त्यात जास्त रुंद दिसते, पण प्रत्येक वाहन आहे त्यापेक्षा लहान आणि लांब भासते. म्हणून आरसे पाहून झाल्यावर खांद्यावरून एक ओझरती नजर टाकावी लागते. ट्रकच्या डाव्या अंगाला तर हा न दिसणारा भाग फार मोठा असतो. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही असेच समजावे.

इतक्या वेळा लेन बदलावीशी का वाटते, याचेही उत्तर मिळालेले आहे. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांचा 1999 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अभ्यास शेजारची लेन नेहमी पुढे जाताना का दिसते, याचाच होता. गाड्या वेगात असतात तेव्हा विरळ होतात, रेंगाळतात तेव्हा दाटतात. त्यामुळे आपण पाच गाड्या झरझर मागे टाकतो, पण त्याच पाच गाड्या आपल्याला मागे टाकतात तेव्हा बराच वेळ जातो. दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखा असला तरी मागे पडल्याची जाणीव अधिक काळ टोचत राहते.

उजव्या लेनविषयीचा हट्ट वेगळ्या जातीचा आहे. “मी शंभरनेच चाललोय, मग बाजूला का होऊ?” असे म्हणणारे कमी नाहीत. पण ती लेन ओव्हरटेक करण्यासाठी आहे, तिथे ठाण मांडण्यासाठी नाही. ती अडली की घाईतला चालक डावीकडून, ट्रकांच्या फटींतून वाट काढतो, आणि ट्रकचालकाला न दिसणारी बाजू तीच असते. मागून रुग्णवाहिका आली तर प्रश्न शिष्टाचाराचाही राहत नाही. तिला वाट न देणाऱ्याला 194ई कलमाखाली 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र त्या घाईतही आरसा आणि इंडिकेटर सुटता कामा नये.

चौपदरीकरणापूर्वीच्या मुंबई-गोवा महामार्गासारख्या दुपदरी रस्त्यांवर ट्रकांच्या मागून जाणाऱ्यांनी एक जीवघेणी समजूत जपली आहे. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला म्हणजे “रस्ता मोकळा आहे, काढ गाडी” असा अर्थ काही जण घेतात. तोच इंडिकेटर ट्रक स्वतः उजवीकडे निघाल्याचाही असतो, आणि नियमाला फक्त हाच अर्थ ठाऊक आहे. मागच्याला पुढे जाऊ देण्यासाठी 1989 च्या नियमांत हाताची वेगळी खूण होती: उजवा हात बाहेर काढून अर्धवर्तुळात मागे-पुढे हलवायचा. ट्रकवाल्यांचा तो हात जुन्या प्रवाशांना आठवत असेल. बंद केबिनच्या ट्रकांत तो दिसेनासा झाला आणि त्याचे काम इंडिकेटरवर येऊन पडले, ज्याने आधीच एक काम हाती घेतले होते. ट्रकचालकाने चांगुलपणाने साईड दिली, तरी समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत गाडी बाहेर काढू नये.

आणि चारही दिवे. लोक त्यांना ‘पार्किंग लाईट’ म्हणतात आणि चौकात सरळ जायचे असले तरी लावतात. शेजारून येणाऱ्या रिक्षावाल्याला त्यातला एकाच बाजूचा दिवा दिसतो आणि गाडी वळते आहे असे वाटते. सरळ जायला कोणताच इशारा लागत नाही. हे दिवे बंद पडून उभ्या राहिलेल्या गाडीसाठी आहेत. पावसाळ्यात बोरघाटात धुके उतरले की अनेक जण ते लावून चढण चढतात, आणि मग बहुतेक गाड्यांत लेन बदलण्याचा इशारा देताच येत नाही, कारण दोन्ही बाजू लुकलुकतच असतात. अशा वेळी हेडलाईटचा लो बीम आणि असल्यास फॉग लॅम्प लावावेत. त्याने गाडी मागून-पुढून दिसते, आणि इंडिकेटर मोकळा राहिल्यामुळे मागच्या टँकरवाल्याला ती डावीकडे निघाल्याचे वेळेवर कळते.