विश्लेषण : लॅपटॉपवर चहा सांडल्यास पहिल्या मिनिटात काय करावे?

घरून काम, परीक्षेचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, कुटुंबाची छायाचित्रे असे बरेच काही आता एकाच लॅपटॉपमध्ये असते आणि त्याच टेबलावर चहाचा कपही असतो. कप कलंडल्यावर लॅपटॉप वाचणार की नाही, हे बरेचदा पुढच्या मिनिटाभरात ठरते.

नुकसान नेमके कशामुळे होते?

द्रव बटणांच्या फटींतून आत झिरपतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये कीबोर्डच्या खालीच मदरबोर्ड आणि बॅटरी असते. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण नळाच्या पाण्यात क्षार असतात. त्यामुळे नको तिथे वीजप्रवाह जोडला जाऊन शॉर्ट सर्किट होते. ओल्या सर्किटमधून वीज वाहत राहिली, तर त्यातील तांब्याचे बारीक मार्ग झपाट्याने गंजतात. ओलावा आणि वीज एकत्र येणे हेच घातक.

लगेच काय करावे?

आधी भिंतीवरचे बटण बंद करून चार्जर काढावा. ‘शट डाउन’ होण्याची वाट न पाहता पॉवरचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरावे. फाइल सेव्ह करण्याचा मोह टाळावा. माउस, पेनड्राइव्ह काढावेत. बॅटरी बाहेरून निघणारी असल्यास तीही काढावी. वरचा द्रव सुती कापडाने टिपून घ्यावा, घासू नये. नंतर लॅपटॉप उघडा ठेवून टॉवेलवर तंबूसारखा उभा करावा : बिजागरी वर आणि कीबोर्डचे तोंड खाली. तो हलवू किंवा झटकू नये, द्रव आणखी आत पसरतो. धूर आला किंवा बॅटरी फुगलेली दिसली, तर हात न लावता दूर व्हावे.

तांदळाच्या डब्यात ठेवावा का?

नाही. तांदूळ आतला ओलावा शोषून घेत नाही, उलट त्याची भुकटी पोर्टमध्ये अडकते. ओल्या आयफोनसाठीही हा उपाय करू नये, असे अॅपलच सांगते. हेअर ड्रायरच्या गरम हवेने प्लास्टिकचे भाग वाकू शकतात. साधा पंखा पुरेसा.

चहा आणि पाणी यांत फरक काय?

पाणी सुकून जाते. दूध-साखरेचा चहा किंवा शीतपेय सुकल्यावर चिकट थर मागे राहतो. त्याने बटणे अडकतात आणि हा थर हवेतला ओलावा धरून गंज वाढवत राहतो. त्यामुळे आठवडाभर नीट चाललेला लॅपटॉप नंतर अचानक बंद पडू शकतो. अशा वेळी तो उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावा लागतो. हे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावे आणि काय सांडले ते स्पष्ट सांगावे.

पुन्हा सुरू कधी करावा?

फक्त थोडे पाणी सांडले असेल, तरी किमान 48 तास थांबावे. ‘चालतो का बघू’ म्हणून मध्येच बटण दाबल्याने वाचलेला लॅपटॉपही जातो. काही मॉडेल झाकण उघडताच सुरू होतात, हेही लक्षात ठेवावे.

वॉरंटी मिळते का?

साध्या वॉरंटीत द्रवामुळे झालेले नुकसान सहसा धरले जात नाही. अनेक लॅपटॉपच्या आत ओल लागताच रंग बदलणाऱ्या पट्ट्या असतात, त्यामुळे लपवूनही उपयोग होत नाही. अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे विकत घ्यावे लागते.

आधीच काय काळजी घ्यावी?

कप लॅपटॉपपेक्षा खालच्या पातळीवर किंवा वेगळ्या स्टुलावर ठेवावा. झाकणाची बाटली वापरावी. ‘स्पिल रेझिस्टंट’ कीबोर्ड थोडे पाणी थोपवतो, पण तो जलरोधक नसतो. सिलिकॉनचे आवरण उपयोगी पडते. मात्र लॅपटॉप मिटताना ते काढावे, अन्यथा स्क्रीनवर दाब येतो.

सर्वांत महत्त्वाचा बॅकअप. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये स्टोरेज मदरबोर्डवरच जोडलेले असते. बोर्ड गेला, की माहिती परत मिळवणे अवघड होते. कीबोर्ड नवा बसवता येतो, प्रबंध किंवा छायाचित्रे नाहीत.