कर्णावर मन जडलेली द्रौपदी
पेण-रोह्याच्या बाजारात पावसाच्या तोंडावर जांभळं येतात. याच फळावरचं ‘जांभूळ आख्यान’ शाहीर विठ्ठल उमप रंगवत. त्यात द्रौपदीचं मन कर्णावर जडतं. भर सभेत ज्यानं तिची विटंबना केली, त्याच्यावर! लोककथेच्या एका रूपात तोडलेलं जांभूळ फांदीला परत चिकटायला मनातलं खरं बोलावं लागतं, आणि पाच नवऱ्यांदेखत ती कर्णाचं नाव घेते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1966 साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हे नाही. नसेना का! ठरलेल्या जोडीत रसिकाला करण्यासारखं काय उरतं? वैऱ्यांच्या मात्र प्रत्येक टोमण्यात दडलेली ओढ शोधता येते. त्यातून कर्ण कुंतीचाच मुलगा. गुपित वेळीच फुटतं तर तो सहावा पती ठरता. चाहत्यांना हा ‘जर-तर’च हवा असतो. मालिकेतल्या नायिकेचं सूत खलनायकाशी जुळवणारेही त्याच पंगतीतले.