कणा सरळ ठेवतं कोण?

पोक काढून बसलेल्या मुलाला घरातलं कुणीही टोकतं. कणा जन्मतःच सरळ असतो आणि पुढे वाईट सवयीने, जड दप्तराने नाहीतर म्हातारपणाने वाकतो, ही त्यामागची समजूत. यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, झरी-जामणी भागात पाण्यातल्या फ्लोराइडमुळे होणाऱ्या फ्लोरोसिसने आखडलेल्या पाठी पाहिल्या की ही समजूत तोकडी पडते. त्या पाठी सवयीनेही वाकलेल्या नसतात आणि ओझ्यानेही नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या संशोधनाने या समजुतीचा पायाच हलवला आहे. सरळपणा कण्याला एकदाच बहाल होत नाही. शरीर तो सतत राखत असतं, असं मानायला आता पुरेसा पुरावा आहे.

आधी घडण पाहू. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीच्या मध्यरेषेवर पृष्ठरज्जू नावाची लवचीक दांडी तयार होते. तिच्या दोन्ही बाजूंच्या पेशीपट्ट्यांतून डोक्याकडून शेपटीकडे गोळ्यांची एकेक जोडी सुटत जाते. हे गोळे म्हणजे सोमाइट. पुढे त्यांच्यातूनच मणके, बरगड्या आणि पाठीचे स्नायू होतात. जोड्या ठरावीक तालात सुटतात, कारण त्या पेशींतली काही जनुकं घड्याळासारखी चालू-बंद होत राहतात. असं घड्याळ असावं हा तर्क कुक आणि झीमन यांनी 1976 साली मांडला, आणि 1997 मध्ये कोंबडीच्या गर्भात ते प्रत्यक्ष सापडलं. झेब्राफिशमध्ये दर अर्ध्या तासाला एक जोडी सुटते, कोंबडीत दीड तासाला, उंदरात दोन तासांना आणि माणसात साधारण पाच तासांना. सापाला तीनशेच्या वर मणके मिळतात तेही याच हिशेबाने: गर्भवाढीच्या वेगाच्या मानाने त्याचं घड्याळ फार जलद चालतं. खरं नवल मात्र संख्येत नाही, जोडीत आहे. हृदय डावीकडे आणि यकृत उजवीकडे जावं यासाठीचे डाव्या-उजव्या भेदाचे संदेश गर्भात नेमके याच सुमारास फिरत असतात. ते सोमाइटपर्यंत पोचले तर एक बाजू पुढे आणि दुसरी मागे पडेल. अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनोइक आम्ल हा हस्तक्षेप रोखतं, हे 2005 साली कोंबडी, उंदीर आणि मासा या तिघांच्याही गर्भांत दिसलं. म्हणजे समान बाजूसुद्धा आपोआप मिळत नाहीत. त्या राखाव्या लागतात.

घडणच चुकली तर अर्धा मणका किंवा जोडलेले मणके घेऊन मूल जन्माला येतं. पण पाठीला बाक येणारी बहुतेक मुलं अशी नसतात. त्यांचे मणके जन्मतः निर्दोष असतात. बाक दिसू लागतो दहा ते सोळा वर्षांच्या दरम्यान, उंची झपाट्याने वाढत असताना. किशोरवयातल्या शंभरांपैकी दोन-तीन मुलांत तो दहा अंशांहून जास्त असतो, आणि मोठा बाक मुलींमध्ये कितीतरी अधिक आढळतो. आराखडा बरोबर, बांधकामही बरोबर, तरी दहा वर्षांनी पाठ वळते. दोष घडणीत नसेल तर तो राखणीत शोधायला हवा.

राखणीचा सर्वांत स्पष्ट पुरावा झेब्राफिशने दिला. मेंदूच्या पोकळ्यांत आणि मज्जारज्जूच्या मधल्या नळीत जे पाणी असतं, ते सिलिया नावाच्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने वाहतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा प्रवाह बिघडलेल्या माशांचे कणे वाढीच्या वयात वाकले. त्याहून महत्त्वाचं असं की बाक सुरू झाल्यानंतर सिलियांची हालचाल परत चालू केली तेव्हा बाक पुढे वाढला नाही. त्याच नळीतून राइसनर तंतू नावाचा एक बारीक धागा ताणलेला असतो. तो 1860 सालीच दिसला होता, पण त्याचं काम कळायला दीडशेहून अधिक वर्षं गेली. हा तंतू बनलाच नाही तर माशाचं पिल्लू खाली वळतं, आणि वाढीच्या काळात तो तुटला तर कण्याला बाक येतो. नळीच्या कडेच्या चेतापेशी शरीराचा वाक जोखतात. त्यांच्यातून स्रवणारी प्रथिनं पाठीच्या स्नायूंना सरळ होण्याचा इशारा देतात.

इथे आक्षेप येणारच: मासा पाण्यात आडवा पोहतो, माणूस दोन पायांवर उभा राहतो, मग माशावरून माणसाचं काय ठरवायचं? आक्षेप रास्त आहे. प्रौढ माणसात राइसनर तंतू आढळत नाही, त्यामुळे माशातली यंत्रणा जशीच्या तशी आपल्याला लावता येत नाही. तत्त्व मात्र टिकतं. स्नायूंचा ताण मेंदूला कळवणारी चेताव्यवस्था बिघडवलेल्या उंदरांना मणके निर्दोष असूनही किशोरवयात बाक येतो, हे 2017 साली दिसलं. माणसांत पीझो-2 हे जनुक निकामी असलेल्यांना डोळे मिटल्यावर आपले हातपाय कुठे आहेत हे कळत नाही, आणि त्यांच्या कण्याला वाढता बाक असतो. मासा, उंदीर, माणूस यांची साधनं वेगळी, पण तिघांतही शरीर स्वतःचा वाक मोजतं आणि दुरुस्त करतं. शिवाय बाक ही दोन पायांवर उभं राहण्याची किंमत आहे, हा जुना युक्तिवाद एकट्या माशांनीच निकालात काढला.

मग दप्तराचं काय? जड दप्तराने पाठ दुखते, यात वाद नाही. पण स्कोलिओसिस, म्हणजे कण्याला येणारा हा बाक, त्याने होतो असा पुरावा नाही. पालकांनी दप्तर जोखण्यापेक्षा मुलाला कमरेतून पुढे वाकवून पाठीची एक बाजू उंच दिसते का ते पाहावं. या तपासणीला यंत्र लागत नाही, आणि वय महत्त्वाचं ठरतं. पट्टा, म्हणजे ब्रेस, वापरणाऱ्या मुलांच्या 2013 सालच्या मोठ्या चाचणीत 72 टक्क्यांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही. नुसत्या देखरेखीखालच्या मुलांत हे प्रमाण 48 टक्के होतं. वाढ संपल्यावर हाच पट्टा निरुपयोगी ठरतो.

राखण वाढीनंतरही थांबत नाही, फक्त तिची जागा बदलते. मणक्यांमधल्या गादीच्या गाभ्यात पृष्ठरज्जूचाच वारसा असतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत चिन्मय पात्रा यांच्या गटाने प्रौढ झेब्राफिशमध्ये सीसीएन-2-ए हे प्रथिन गादी टिकवतं आणि तिची झीज भरून काढायला मदत करतं, असं दाखवलं. माणसाची गादी अशी भरून येत नाही, म्हणून तर कंबरदुखीचे दवाखाने चालतात.

आता यवतमाळकडे. तिथल्या पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइडचं प्रमाण मर्यादेबाहेर आढळलं आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर दीड. खडकाशी जितका जास्त काळ संपर्क तितकं फ्लोराइड पाण्यात अधिक विरघळतं, त्यामुळे धोका बोअरवेलच्या पाण्यात जास्त. वर्षानुवर्षं ते पोटात गेलं की हाड दाट आणि ठिसूळ होतं, मणक्यांना बांधणारे अस्थिबंध कडक होतात, पाठ एका तुकड्यासारखी आखडते आणि पुढे झुकते. हा रोग विषबाधेचा आहे, वाढीच्या शास्त्राशी त्याचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध असा की सरळपणा ताठरपणातून येत असता, तर हाच कणा सर्वांत सरळ राहायला हवा होता. प्रत्यक्षात मणक्यांची हालचाल गोठली की झुकलेली पाठ स्नायूंना परत सरळ करता येत नाही. आणि वाढती हाडं फ्लोराइड मोठ्यांच्या हाडांपेक्षा जास्त प्रमाणात धरून ठेवतात. हाडात साठलेलं फ्लोराइड निघायला वर्षं लागतात, आणि कडक झालेले अस्थिबंध औषधाने मऊ होत नाहीत. म्हणून तपासणीची सुरुवात गावातल्या वयस्कांच्या पाठींपासून नव्हे, अंगणवाडी आणि शाळेच्या हातपंपापासून व्हायला हवी.